नॅरोबोटवरचा संसार

इंग्लंड आणि वेल्समधील कालव्यांवर एका अरुंद, लांबोळक्या नौकेत बारमाही बिऱ्हाड करून राहण्याची पद्धत. या नौकेला नॅरोबोट म्हणतात. तिची रुंदी ६ फूट १० इंच, म्हणजे साधारण २.०८ मीटर, लांबी मात्र मालकाच्या ऐपतीप्रमाणे तीस फुटांपासून सत्तर-बहात्तर फुटांपर्यंत. सुट्टीत आठवडाभर अशी नौका भाड्याने घेऊन हिंडणारे पुष्कळ असतात, पण त्यांचा विचार इथे केलेला नाही. ज्यांचे अंथरूण-पांघरूण, भांडीकुंडी आणि टपालाची विवंचना असे सगळेच पाण्यावर आहे, त्यांच्याविषयी ही नोंद आहे. तिथले सुमारे २,००० मैलांचे जलमार्ग २०१२ पासून ‘कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट’ ही धर्मादाय संस्था सांभाळते. तिच्या दप्तरी ३५,००० हून अधिक नौका आहेत आणि त्यांतल्या हजारो नौका हेच त्यांच्या मालकांचे एकमेव घर आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकाने इथे नीरा किंवा मुठा कालवा डोळ्यांसमोर आणू नये. आपले कालवे शेतीचे. आवर्तन सुटले की वाहतात, संपले की तळ दिसतो. इंग्लंडमधले कालवे खणले ते कोळसा, चिनीमाती आणि लोखंड वाहून नेण्यासाठी. त्यांतले पाणी जवळजवळ स्थिर असते आणि खोली बहुतेक ठिकाणी छातीच्या वर जात नाही. ‘पाण्यात पडलात तर उभे राहा’ हा नवख्याला मिळणारा पहिला सल्ला निम्मा विनोद आणि निम्मा खरा आहे. लॉकमध्ये, म्हणजे नौका एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर चढवण्या-उतरवण्याच्या दरवाजे असलेल्या हौदात, पडणाऱ्याला मात्र तो लागू नाही.

नौका इतकी अरुंद का, याचे उत्तर अठराव्या शतकात आहे. ड्यूक ऑफ ब्रिजवॉटरने वर्स्ली इथल्या आपल्या खाणीतला कोळसा मँचेस्टरला नेण्यासाठी कालवा काढला. तो १७६१ मध्ये सुरू झाला आणि मँचेस्टरमधला कोळशाचा भाव जवळपास निम्म्यावर आला. या कामावरचा जेम्स ब्रिंडली मूळचा गिरण्यांची यंत्रे दुरुस्त करणारा कारागीर, लिहिण्यावाचण्यात यथातथाच. पुढे ट्रेंट आणि मर्सी या नद्या जोडणारा कालवा त्याच्याकडे आला. वाटेत हेअरकॅसलच्या टेकडीतून दीड मैलांहून लांब बोगदा खोदायचा होता आणि डोंगरमाथ्यावर पाणी बेताचेच होते. पैसा आणि पाणी दोन्ही वाचावे म्हणून त्याने लॉक सुमारे सात फूट रुंद आणि बहात्तर फूट लांब ठेवले. शेजारच्या कालव्यांनी तेच माप उचलले. या काटकसरीमुळेच आज नौकेवरच्या जोडप्याला चार फुटी पलंगावर झोपावे लागते आणि स्वयंपाकघरातून न्हाणीघराकडे जाताना समोरून कोणी आले तर एकाला मागे सरावे लागते.

सुरुवातीचे नावाडी काठावरच्या घरांत राहत आणि नौका घोडा ओढत असे. १८४० नंतर रेल्वेने भाडी पाडली, तसे मजुरांचे पगार परवडेनात. नावाड्याने मग बायकापोरांनाच कामावर घेतले, घर सोडले आणि सगळे कुटुंब नौकेच्या मागच्या कोठडीत आले. ही कोठडी जेमतेम दहा फूट लांब. आत शिरताच डाव्या हाताला कोळशाची चूल, तिच्याशेजारी एक कपाट. त्याची फळी खाली पाडली की ती जेवणाचे मेज. पुढच्या कपाटाचे दार आडवे पाडले की पलंग. बाजूचा बाक दिवसा बसायला, रात्री मुलांना निजायला. भिंतीवर जाळीदार काठाच्या बशा आणि पितळेच्या लखलखीत मुठी, दारांवर रंगवलेले गुलाब आणि किल्ले. छतावर तशाच नक्षीची पाण्याची झारी. आज ही चित्रकला लोककला म्हणून मिरवली जाते आणि नव्या नौकांवरही हौसेने काढली जाते. त्या कोठडीत पाच-सहा पोरे वाढवणाऱ्या बाईला ती हौस कितपत परवडत होती, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. मुलांना शाळा नव्हती, आजारपणाला डॉक्टर नव्हता. कोलव्हिलच्या जॉर्ज स्मिथ या समाजसुधारकाने यावर रान उठवले, तेव्हा १८७७ आणि १८८४ च्या कायद्यांनी नौकांची राहती घरे म्हणून नोंदणी आणि माणसांच्या संख्येवर मर्यादा आली. नौकावासाच्या सुखाबद्दल लिहिताना हा भाग गाळून टाकण्याची प्रथा आहे. ती चुकीची आहे.

हौसेने नौकेवर राहायला जाणारी माणसे विसाव्या शतकातली. अभियंता टॉम रोल्ट १९३९ मध्ये नव्या नवरीसह ‘क्रेसी’ नावाच्या जुन्या लाकडी नौकेवर राहायला गेला आणि युद्धाच्या काळात टार्डबिग या गावी मुक्कामाला होता. त्याने या जीवनावर लिहिलेले पुस्तक १९४४ मध्ये निघाले. ते वाचून लेखक रॉबर्ट एकमनने त्याला गाठले आणि दोघांनी इतरांसह १९४६ मध्ये कालवे वाचवण्यासाठी ‘इनलँड वॉटरवेज असोसिएशन’ ही संघटना काढली. पुढे दोघांचे बिनसले, पण चळवळ टिकली. १९४८ मध्ये बहुतेक कालवे सरकारच्या ताब्यात गेले. १९६२-६३ च्या कडक हिवाळ्यात पाणी आठवडेच्या आठवडे गोठून राहिले, आणि उरलासुरला मालवाहतुकीचा धंदाही बसला. बुजवून टाकायच्या यादीत गेलेले कितीतरी कालवे त्यानंतर स्वयंसेवकांनी चिखलात उतरून वाचवले. रीडिंग ते ब्रिस्टल जाणाऱ्या मार्गावरचा केनेट अँड एव्हन कालवा असाच १९९० मध्ये पुन्हा खुला झाला. त्यावरच्या डिव्हायझेसजवळच्या केन हिलवर दोन मैलांत २९ लॉक आहेत आणि त्यांतले सोळा एका सरळ रेषेत टेकडी चढतात.

लॉक, म्हणजे जलपाश, हा या जगण्यातला खरा व्यायाम. नौका चढणीला असेल तर एक जण विंडलास घेऊन पुढे चालत जातो. ही काटकोनात वळलेली लोखंडी चावी कमरेच्या पट्ट्यात खोचायची रीत आहे. आधी समोरून कोणी येत नाही ना, ते पाहायचे. कारण अरुंद लॉकच्या एका भरणीला सुमारे एक लाख लिटर पाणी लागते आणि समोरचा दिसत असताना ते वाया घालवणे हा असभ्यपणा समजला जातो. लॉक रिकामे झाले की खालचे दोन दरवाजे उघडायचे आणि दोन्ही बाजूंना बोट-दोन बोटे जागा उरेल अशी नौका आत घ्यायची. दरवाजे मिटायचे. मग वरच्या झडपेच्या दातेरी दांड्यावर विंडलास बसवून ती अर्धीच उचलायची. पूर्ण उचलली तर पाण्याचा लोंढा नौकेला पुढेमागे आपटतो. भिंतीवरचे शेवाळ हळूहळू पाण्याखाली जाते, सुकाणू धरलेल्या माणसाचे डोके काठाच्या वर येते. दोन्हीकडचे पाणी समपातळीला आले की दरवाजाच्या लाकडी तुळईला पाठ लावून रेटायचे. इंचभर फरक असेल तोवर चार माणसांनी रेटा लावला तरी ती हलत नाही, आणि मग एका क्षणी आपसूक सरकू लागते. उतरताना धोका वेगळा. वरच्या दरवाजाखाली एक दगडी उंबरा असतो आणि त्याची हद्द काठावर पांढऱ्या पट्ट्याने दाखवलेली असते. नौकेची शेपटी त्या पट्ट्याच्या मागे राहिली तर पाणी उतरताना ती उंबऱ्यावर अडकते, नाक खाली जाते आणि काही मिनिटांत घर बुडते.

वेगाची कमाल मर्यादा ताशी चार मैल आहे. बांधून ठेवलेल्या नौकांजवळून जाताना तेवढाही वेग चालत नाही. त्यांच्या खुंट्या उपटतात आणि आत कोणाचा तरी चहा सांडतो. प्रवासाला किती वेळ लागेल याचा ठोकताळा सोपा आहे : मैल आणि लॉक यांची बेरीज करायची आणि तिला तीनने भागायचे. ग्रँड युनियन कालव्यावरून लंडन ते बर्मिंगहॅम १३७ मैल आणि १६६ लॉक, म्हणजे शंभर तास. रोज सात-आठ तास सुकाणू धरले तरी दोन आठवडे. आगगाडी हेच अंतर दीड-दोन तासांत कापते. तरीही वेल्समधल्या पोंटकसिल्टे जलसेतूवरून जाताना कोणाला आगगाडीची आठवण येत नसावी. जेसप आणि टेलफर्ड या अभियंत्यांनी १८०५ मध्ये पुरा केलेला हा सेतू डी नदीच्या ३८ मीटर वरून बिडाच्या लांब पन्हळीतून कालवा पलीकडे नेतो. एका बाजूला पायवाट आणि कठडा आहे, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. सुकाणूजवळून खाली पाहिले की थेट झाडांचे शेंडे.

रोजचे जीवन टाक्यांभोवती फिरते. पिण्याच्या पाण्याची टाकी भरायला नळाशी नौका लावून तासभर थांबावे लागते, त्यामुळे भांडी विसळताना नळ सोडून ठेवण्याची सवय पहिल्याच पंधरवड्यात सुटते. संडासाचे दोन पंथ आहेत. एक मोठी टाकी पंपाने उपसून घेणाऱ्यांचा, दुसरा सुटकेसएवढा डबा हाताने रिकामा करणाऱ्यांचा. दोन नौकावाले भेटले की तिसऱ्या वाक्याला गप्पा या विषयावर येतात आणि त्यात कोणाला संकोच वाटत नाही. वीज छतावरच्या सौर पट्ट्यांची. उन्हाळ्यात ती उतू जाते, डिसेंबरात दिवा आणि फोन एवढ्यापुरतीही धड पुरत नाही. मग इंजिन चालवून बॅटऱ्या भरायच्या, पण रात्री आठ ते सकाळी आठ ते बंद ठेवायचे, कारण शेजाऱ्याची उशी तुमच्या इंजिनापासून हातभर अंतरावर असते.

उबेसाठी पुढच्या खोलीत लोखंडी शेगडी. तिच्यात बिनधुराचा कोळसा रात्रभर धुमसत ठेवणे ही शिकावी लागणारी कला आहे. हवा जास्त दिली तर पहाटे तीनला विझते, कमी दिली तर काच काळी होते. शेगडीपाशी बनियनवर बसावे आणि मागच्या खोलीत स्वेटर घालून झोपावे, असे एकाच घरात दोन ऋतू असतात. पोलादी भिंतींमुळे खिडक्यांना घाम फुटतो. कार्बन मोनॉक्साइडने मृत्यू झालेले आहेत, म्हणून २०१९ पासून त्याची सूचना देणारे यंत्र बसवणे सक्तीचे आहे. कोळसा, डिझेल आणि गॅस विकणाऱ्या नौका ठरावीक फेऱ्या करतात. बर्फ पडलेल्या आठवड्यात अशी नौका वळणावर दिसली की लोक दारात येऊन उभे राहतात.

सुख कोणते, असे विचारले तर नौकेवर राहणारे बहुधा खिडकी दाखवतात. ती पाण्याच्या पातळीपासून वीतभर उंचीवर असते, त्यामुळे पाणकोंबडी आणि बगळा डोळ्याला डोळा भिडवून जातात. भल्या पहाटे बदके नौकेच्या कडेचे शेवाळ टोचू लागतात आणि पोलादावर तो टकटकाट आतल्या माणसाला उठवतो. नावडता शेजार दोरी सोडून मागे टाकता येतो. आवडता शेजारी पुढच्या महिन्यात वीस मैलांवर पुन्हा भेटतो आणि मधल्या काळात तुमच्याविषयीची बातमी त्याला तुमच्या आधी पोहोचलेली असते. सामान वाढवायला जागाच नसल्याने खरेदीची हौस आपोआप आटते. नवे पुस्तक आले की जुने एक कोणाला तरी द्यायचे. या नोंदकर्त्याच्या मते या सुखाला ‘मोकळेपणा’ म्हणणे ढोबळ आहे. नौकेवरचा माणूस सतत कशाने तरी बांधलेला असतो, पण ते कशाने, हे त्याला रोज डोळ्यांनी दिसते : टाकीची पातळी, कोळशाच्या गोण्या, दिवसाचा उजेड. शहरातल्या सदनिकेत हीच बंधने बिलांच्या रूपाने महिन्यातून एकदा भेटतात.

कायद्याचे बंधन यापेक्षा काचणारे. परवान्यासाठी विमा आणि दर चार वर्षांनी सुरक्षा-तपासणीचा दाखला लागतो. ज्याच्याकडे भाड्याची कायम जागा नाही, त्याने १९९५ च्या कायद्यानुसार खरोखरीच जलप्रवासासाठी नौका वापरली पाहिजे आणि एका ठिकाणी सलग चौदा दिवसांहून जास्त थांबता कामा नये. वर्षात किती मैल हिंडायचे हे कायदा सांगत नाही आणि सारे वाद तिथेच होतात. निवृत्त जोडप्याला ही अट म्हणजे आमंत्रणच. शाळेत जाणाऱ्या मुलाच्या आईला दर दोन आठवड्यांनी शाळा लांब पडते. लंडनमध्ये घरभाडी न परवडल्याने आलेल्या तरुणांमुळे लिटल व्हेनिस या कालव्याकाठच्या भागापासून पूर्वेकडे नौकांना नौका खेटून बांधलेल्या दिसतात आणि पलीकडचा माणूस अलीकडच्याच्या नौकेवरून घरी जातो. कायम जागा नसलेल्यांकडून २०२४ पासून जादा परवानाशुल्क घेतले जाते, त्यावर त्यांच्या संघटनांचा रोष आहे. पत्ता नसल्याने मतदारयादीत नाव घालण्यासाठी एखाद्या ठिकाणाशी संबंध असल्याचे वेगळे निवेदन द्यावे लागते.

ब्रिटनमधल्या भारतीयांचा या पाण्याशी संबंध आहे, पण तो बहुतेक काठावरूनच. लेस्टर परिसरातले हिंदू सोर नदीत नौकेवरून अस्थिविसर्जन करतात. या नदीचा मोठा भाग कालव्यांच्याच जाळ्यात मोडतो. भारतीय वस्तीजवळच्या कालव्यात तरंगणारा नारळ पाहून गोरा नावाडी आता चकित होत नाही.

नौका विकत घेणाऱ्याने रंगरंगोटीपेक्षा तळ पाहावा. तळाचा पत्रा १० मिलिमीटर, बाजू ६ आणि छत ४, हे आजचे रूढ माप. दर दोन-तीन वर्षांनी नौका पाण्याबाहेर काढून तळाला काळा डांबरी लेप द्यावा लागतो आणि गंज स्वतःवर ओढून घेणारे धातूचे ठोकळे बदलावे लागतात. त्या आठवड्यात बिऱ्हाड शिडीने चढून आपल्याच घरात जाते. जुन्या नौकेचा पत्रा चार मिलिमीटरच्या खाली झिजला असेल तर अनेक विमा कंपन्या पूर्ण विमा नाकारतात. मग वरून दुसरा पत्रा जोडणे किंवा किंमत पाडून मागणे, एवढेच उरते.