खारट घामापासून नव्या फुफ्फुसापर्यंत

सतत खोकणारं, वजन न धरणारं मूल नाशिकच्या घरात असलं की आधी बालदमा म्हटलं जातं, मग टीबीची शंका येते. त्याचा मुका घेतला की खारट लागतं, हे आजीच्या केव्हाच लक्षात आलेलं असतं, पण ते डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे असं तिला वाटत नाही. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात फुफ्फुसांत चिकट कफ साठतो, अन्न नीट पचत नाही आणि घामात मीठ जास्त असतं. त्याचं निदान मात्र त्या खारटपणावरच होतं.

१९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. डोरोथी अँडरसन यांनी मृत मुलांच्या स्वादुपिंडातले बदल पाहून हा आजार वेगळा काढला. १९४८ च्या उष्णतेच्या लाटेत तिथे या आजाराची मुलं गळून गेली, आणि त्यातून डॉ. पॉल दी सांताग्नेस यांना घामातलं जास्तीचं मीठ सापडलं. आपल्या मे महिन्याच्या उन्हात घामावाटे मीठ जाण्याचा हा धोका किती मोठा असेल!

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते १९५७ साल. क्लीव्हलँडच्या डॉ. लेरॉय मॅथ्यूज यांनी मूल खालावेपर्यंत थांबणं सोडलं. रोज छाती थोपटून चिकट कफ काढायचा, जेवणासोबत पचनासाठी एन्झाइम द्यायची, आहार भरपूर ठेवायचा, जंतू दिसताच अँटिबायोटिक सुरू करायचं. यातलं एकही औषध नवं नव्हतं. डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि आहारतज्ज्ञ एकाच मुलाकडे वर्षानुवर्षं मिळून पाहू लागले, हे नवं होतं. पुढे अमेरिकेत अशा केंद्रांना रीतसर मान्यता मिळू लागली; डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या केंद्रात दरमहा कफाची तपासणी होऊ लागली.

फुफ्फुसं निकामी होऊ लागली की प्रत्यारोपणाचा विचार होतो. पहिलं फुफ्फुस प्रत्यारोपण १९६३ चं. रुग्ण १८ दिवस जगला. शरीरानं नवा अवयव नाकारू नये म्हणून दिलं जाणारं सायक्लोस्पोरिन हे औषध आल्यावर १९८० च्या दशकात या आजारातही प्रत्यारोपण शक्य झालं. या आजारात दोन्ही फुफ्फुसं बदलावी लागतात, कारण जुनं एक ठेवलं तर त्यातला संसर्ग नव्यात उतरतो. बर्कहोल्डेरिया सेनोसेपेसिया हा जंतू असला तर शस्त्रक्रियेनंतरचा धोका इतका वाढतो की अनेक ठिकाणी नकार मिळतो. म्हणजे प्रत्यारोपणाचं यश आधीच्या वर्षांत ठरू लागतं: जंतूंवर नजर होती का, वजन टिकलं का, रुग्णाला वेळेवर पाठवलं का. २०१७ च्या एका तुलनेत कॅनडातल्या रुग्णांचं अपेक्षित मध्यक आयुष्य ५०.९ वर्षं, अमेरिकेतल्यांचं ४०.६ निघालं. प्रत्यारोपणाचं जास्त प्रमाण, आहार आणि आरोग्यविमा या बाबी त्यामागे असाव्यात, असं संशोधकांनी मांडलं.

२०१९ मध्ये अमेरिकेत तीन औषधांचं एकत्रित मिश्रण मंजूर झालं आणि तिथली प्रत्यारोपणं झपाट्यानं घटली. ते मुख्यतः एफ५०८डेल या जनुकीय बदलावर चालतं. भारतीय मुलांत तो युरोपीयांपेक्षा कमी आढळतो आणि औषधाची किंमत सामान्य घराच्या आवाक्याबाहेर आहे, म्हणून आपल्याकडे जुनीच शिस्त अजून जीव वाचवते.

राज्यातली अवयव समन्वय केंद्रं मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. देशातली फुफ्फुस प्रत्यारोपणं बरीचशी चेन्नई-हैदराबादला होतात. नाशिकच्या कुटुंबाला त्यासाठी घर सोडून महिनोन्‌महिने तिकडे राहावं लागतं, आणि नंतर जन्मभर तपासण्यांसाठी जात राहावं लागतं. छाती थोपटणं, वजनाची नोंद आणि कफाची तपासणी मात्र नाशिकमध्येच सुरू होऊ शकते. त्यासाठी आधी कुणीतरी घामाची चाचणी लिहून द्यायला हवी.