किडनी नवी, मग पाय का ठणकतात?

प्रत्यारोपण नीट पार पडलेलं असतं, क्रिएटिनिन (किडनी नीट काम करत नसली की रक्तात साचणारा घटक) उतरलेलं असतं, डायलिसिस सुटलेलं असतं. आणि काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, दोन्ही पाय ठणकू लागतात. तळपाय, घोटे, गुडघे, दोन्हीकडे सारखेच. उभं राहिलं की दुखणं वाढतं, आडवं होऊन पाय उंचावर ठेवले की कमी होतं. एक्स-रेत काही दिसत नाही. घरचे म्हणतात, अशक्तपणा असेल. रुग्णाला वाटू लागतं, हे सगळं आपल्या मनातच आहे. मला या रुग्णांची फार काळजी वाटते, कारण त्यांचं दुखणं खरं असतं.

शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरीन रोज घ्यावं लागतं. ही औषधं रक्तवाहिन्या आकुंचित करतात. त्यामुळे हाडाच्या आतला रक्तप्रवाह बिघडतो, मज्जेत सूज येते आणि हाड कठीण असल्याने सुजेला पसरायला जागाच मिळत नाही, असं मानलं जातं. 2001 मध्ये जर्मन डॉक्टरांनी या दुखण्याचं सविस्तर वर्णन केलं. मज्जेतली सूज एमआरआयमध्ये दिसते. रक्तातली औषधाची लेव्हल जास्त असेल तर डॉक्टर डोस कमी करतात. पण लेव्हल ठीक असतानाही हा त्रास होऊ शकतो. अम्लोडिपिनसारख्या रक्तवाहिन्या सैलावणाऱ्या गोळीने अनेकांना आराम पडतो. पूर्ण बरं व्हायला मात्र काही महिने जातात.

सगळीच दुखणी यातली नसतात. एकाच बाजूच्या जांघेत किंवा खुब्यात कळ येत असेल, तर प्रत्यारोपणानंतर दिलेल्या स्टेरॉइडमुळे खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो. तोही सुरुवातीला एक्स-रेत दिसत नाही. पायाचा अंगठा अचानक लाल होऊन सुजला, तर युरिक ॲसिड तपासावं लागतं. नवी किडनी ओटीपोटात एका बाजूला बसवलेली असते आणि दात्याच्या शरीरातून काढतानाच तिचे वेदना पोहोचवणारे मज्जातंतू कापले जातात, म्हणून ती सहसा दुखत नाही. तिथेच दुखत असेल, सोबत ताप असेल किंवा लघवी कमी झाली असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका. टॅक्रोलिमस किडनीकडे रक्त नेणारी वाहिनी आधीच आवळतं. या गोळ्या तिला सैल ठेवणारं रसायनच बनू देत नाहीत. डॉक्टरांशी बोलेपर्यंत पॅरासिटामॉल, तेही सांगितलेल्या प्रमाणातच.