एटीव्हीवरचा ऑइलचा दिवा: उशिरा का आला आणि नेमकं काय सांगतो

एटीव्हीच्या (कच्च्या रस्त्यांवर आणि शेतात चालणाऱ्या, जाड टायरांच्या गाडीच्या) डॅशबोर्डवर ऑइलच्या कॅनचं लाल चिन्ह पेटलं की बहुतेकांना वाटतं, ऑइल कमी झालं. फोरस्ट्रोक इंजिनात तो दिवा पातळी मोजतच नाही. तो प्रेशर मोजतो, तेही एका विशिष्ट मर्यादेच्या वर आहे की खाली एवढंच. शिवाय कित्येक एटीव्हींवर हा दिवा नसतोच. यामागे कंपन्यांची कंजुषी असेल असं वाटणं साहजिक आहे, पण खरं कारण इंजिनांच्या रचनेत आहे.

सुरुवात १९७० सालची. होंडाच्या अमेरिकेतल्या डीलर्सना हिवाळ्यात मोटरसायकली खपत नसताना विकता येईल असं वाहन हवं होतं. ओसामु ताकेउची या इंजिनिअरने फुग्यासारख्या जाड टायरांची तीनचाकी बनवली. हीच यूएस-९०, पुढे तिचं नाव एटीसी-९० झालं. तिच्यातलं ८९ सीसीचं फोरस्ट्रोक इंजिन होंडाच्या छोट्या, आडव्या सिलिंडरच्या इंजिनांच्या घराण्यातलं. आपल्याकडची सीडी-१०० आणि स्प्लेंडर याच घराण्यातल्या. एक लिटरच्या आसपास ऑइल, तळाशी जाळी, क्रँकवर (पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या मुख्य दांड्यावर) फिरणारा सेंट्रिफ्यूगल फिल्टर आणि छोटा पंप. ऑइल पाहायला फक्त डिपस्टिक, म्हणजे पातळीच्या खुणा असलेली काडी.

या इंजिनांत क्रँक बॉल आणि रोलर बेअरिंगवर फिरतो. अशा बेअरिंगला ऑइलचा शिडकावा मिळाला तरी पुरतो, प्रेशरचा जाड थर लागत नाही. ऑइलच्या सगळ्या वाटेत मुळातच प्रेशर इतकं कमी, की तिथे बसवलेला स्विच आयडलिंगला उगीच लुकलुकत राहिला असता. म्हणून दिवा दिला नाही, आणि रचनेच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. तोटा एकच: ऑइल कमी पडलं की सगळ्यात आधी डोकं, म्हणजे सिलिंडरवरचं हेड, मरतं. हेड ऑइलच्या वाटेवर सगळ्यात शेवटी येतं आणि कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) थेट हेडमध्ये फिरतो. टपेटचा आवाज वाढेपर्यंत हेडच्या भोकांवर चरे पडलेले असतात. अशा गाडीला डिपस्टिक हाच मीटर.

टूस्ट्रोक एटीव्हींचा प्रश्न वेगळा. स्पोर्ट मॉडेलांत पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं. जुन्या बजाज स्कूटरवाल्यांना हे सांगायला नको. दुसऱ्या प्रकारात आरएक्स-१०० सारखी वेगळी टाकी आणि पंप. १९८५ मध्ये पोलारिसने आणलेली ट्रेल बॉस टूस्ट्रोकच होती. टूस्ट्रोकला ऑइलचा दिवा असेल, तर तो टाकीतली पातळी दाखवणारा. पंपाची नळी निसटली, पंपात हवा अडकली किंवा केबल सैल झाली, तर टाकी भरलेली असतानाही पिस्टन सिलिंडरमध्ये अडकतो आणि दिवा शांत राहतो.

१९८२ मध्ये सुझुकीची चारचाकी क्वाडरनर आली. अपघातांवरून गदारोळ झाला आणि सरकार आणि कंपन्यांमधल्या १९८८ च्या तडजोडीनंतर अमेरिकेत नव्या तीनचाकींची विक्री थांबली. तोवर एटीव्ही शेतावर कामाला लागली होती. होंडाची पहिली फोर बाय फोर १९८६ ची. ट्रेलर ओढायचा, चिखलातून पायी चालण्याच्या वेगाने जायचं, म्हणजे आरपीएम जास्त आणि अंगावर वारा नाही. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात ही उष्णता ऑइलच अंगावर घेतं. म्हणून होंडाच्या अशा काही मॉडेलांवर ऑइलच्या तापमानाचा दिवा आला. तो पेटला तर ऑइल ओतायला धावू नये. गाडी थांबवावी, आधी ऑइल कूलरच्या पंखांत बसलेला चिखल काढावा, पंखा फिरतो का ते पाहावं, मग पातळी तपासावी.

पातळी तपासण्याची पद्धत मात्र मॉडेलागणिक बदलते आणि गोंधळ इथेच होतो. होंडाच्या बहुतेक मॉडेलांत इंजिन पाचेक मिनिटं आयडलिंगला चालवायचं, बंद करून दोन-तीन मिनिटं थांबायचं, आणि डिपस्टिक पुसून न फिरवता नुसती आट्यांवर टेकवून पाहायची. कॅन-ॲम आउटलँडरमध्ये ती पूर्ण आवळून पाहायची. आवळून पाहायची ती टेकवून पाहिली तर पातळी कमी दिसते आणि माणूस ऑइल जास्त भरतो. जास्त ऑइल ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) एअरबॉक्समध्ये येतं आणि एअर फिल्टर भिजवतं. जमीन सपाट हवी, हे वेगळं सांगायला नको.

१९९६ ची पोलारिस स्पोर्ट्समन ५०० आणखी निराळी, कारण ती ड्राय संपची. ऑइल इंजिनच्या तळाशी साठत नाही, वेगळ्या टाकीत परत जातं. गाडी काही दिवस उभी राहिली की टाकीतलं ऑइल झिरपत क्रँककेसमध्ये उतरतं आणि डिपस्टिक कोरडी दिसते. म्हणून आधी २० ते ३० सेकंद आयडलिंगला चालवून, बंद करून मगच पाहायचं. ऑइल बदलताना साधारण १.९ लिटर लागतं. नळ्या उघडल्या असतील तर पंपात हवा अडकते. टाकीची व्हेंट नळी थोडा वेळ चिमटीत धरून इंजिन आयडलिंगला ठेवलं की टाकीत दाब तयार होतो आणि ऑइल पंपाकडे ढकललं जातं. हे न करता थ्रॉटल दिलेली इंजिनं थेट बोअर-पिस्टनच्या कामालाच येतात.

मोठी ट्विन (दोन सिलिंडरची) इंजिनं आली तेव्हा चित्र पालटलं. कावासाकीची प्रेअरी ६५० ही पहिली व्ही-ट्विन एटीव्ही, २००२ चं मॉडेल. कॅन-ॲमची ८०० सीसी आउटलँडर २००६ ची. कार-इंजिनासारखी प्लेन बेअरिंग असलेल्या इंजिनात क्रँक आणि धातूच्या शेलमध्ये ऑइलचा प्रेशरचा थर असतो. तो तुटला की काही सेकंदांत शेल घासतात. इथे प्रेशरचा दिवा हवाच. कारमध्ये तो १९३० च्या दशकापासून होता, एटीव्हीने तोच घेतला. पातळीचा फ्लोट का नाही बसवला? कारण चढावर, उतारावर ऑइल एका बाजूला सरकतं आणि फ्लोट सतत खोटं बोलला असता.

स्विचची रचना अगदी साधी आहे. आत पडदा आणि संपर्क. प्रेशर नसताना संपर्क जुळलेला, म्हणजे वायर इंजिनच्या बॉडीला अर्थ होते आणि दिवा पेटतो. प्रेशर आलं की संपर्क सुटतो. ही मर्यादा बहुधा ५ पीएसआयच्या आसपास असते. चालू इंजिनाला लागणाऱ्या प्रेशरच्या मानाने ती फारच कमी, म्हणजे दिवा पेटेपर्यंत उशीर झालेला असतो. इग्निशन ऑन केल्यावर दिवा पेटतो का, हे रोज पाहावं. पेटलाच नाही तर बल्ब गेला, वायर तुटली किंवा स्विच मेला. सतत पेटलेला असेल तर स्विचवरची वायर काढावी: दिवा विझला तर वायरिंग ठीक, नाही विझला तर वायर फ्रेमला घासून उघडी पडली आहे. वायरिंग ठीक असेल तर ‘स्विचच खराब असेल’ म्हणून गाडी चालवू नये. स्विच काढून त्या जागी काट्याचं गेज लावावं. बऱ्याच जपानी इंजिनांवर तिथले आटे १/८ इंची टेपर असतात.

चढावरच दिवा लुकलुकला तर ऑइल कमी आहे, पंप हवा ओढतो आहे. गरम इंजिनात फक्त आयडलिंगला लुकलुकला तर ऑइल पातळ झालंय किंवा बेअरिंग झिजलंय. थंडीत छोट्या फेऱ्या मारल्या की पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवरची पातळी चक्क वाढते. पातळी वाढली म्हणून खूश होण्याआधी ऑइल हुंगावं. पाण्यातून गाडी काढल्यावर ऑइल दुधाळ दिसलं तर इंजिन चालू न करता ऑइल आणि फिल्टर बदलावा, आणि रंग साफ होईपर्यंत पुन्हा बदलावा. या दोन्ही वेळी दिवा बराच काळ गप्प बसतो.

फ्युएल इंजेक्शन आलं तसा दिवा ईसीयूकडे, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरकडे गेला. पोलारिसच्या स्क्रीनवर आता दोन आकडे दिसतात: एसपीएन, म्हणजे बिघाड कशात, आणि एफएमआय, म्हणजे बिघाड कोणत्या प्रकारचा. एसपीएन १०० म्हणजे ऑइल प्रेशर, ११० म्हणजे कूलंटचं तापमान. नुसतं ‘चेक इंजिन’ पाहून बॅटरी काढून लावण्याआधी हे आकडे लिहून घ्यावेत.

महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या पोरांना एटीव्ही म्हटलं की बाहा ही विद्यार्थ्यांनी बनवलेल्या गाड्यांची स्पर्धा आठवते, २००७ पासून पिथमपूरला होणारी. तिथे वर्षानुवर्षं वापरलेलं ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं ३०५ सीसी इंजिन पुन्हा १९७० च्याही मागे नेतं. कनेक्टिंग रॉडचा चमचा ऑइल उडवतो, पंप नाही, फिल्टर नाही, ऑइल पाऊण लिटरच्या आसपास. प्रेशरच नाही, तर प्रेशरचा दिवा कशाला जोडणार? टीमच्या चेकलिस्टमध्ये प्रत्येक रनआधी डिपस्टिकची ओळ असायलाच हवी.