मुलांच्या पसंतीची यादी घेऊन दुकानात येण्याआधी

चौथी ते सातवीच्या मुलांचे पालक आणि शिक्षक यांच्यासाठी

‘पाचवीतल्या मुलासाठी यादीतलं पहिलं पुस्तक द्या.’ ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे वाक्य आमच्या सोलापूरच्या पुस्तकांच्या दुकानात काउंटरवर रोज ऐकू येतं. चार-आठ दिवसांनी तेच पालक परत येतात : ‘हे बदलून मिळेल का? तो हातच लावत नाही.’ तोवर पुस्तकाला खाकी कव्हर चढलेलं असतं आणि आतल्या पानावर बॉलपेनने नाव, इयत्ता, तुकडी, शाळा सगळं लिहिलेलं असतं. असं पुस्तक आम्हाला नवं म्हणून दुसऱ्याला विकता येत नाही. तुम्ही नाराज होऊन जाता आणि मुलाच्या डोक्यात बसतं की पुस्तकावरून घरात कटकट होते. या दोन फेऱ्यांच्या मधे काय चुकतं ते एकदा लिहूनच द्यावं, म्हणून हे पत्रक.

मुलांच्या पसंतीची ही योजना बहुतेकांना माहीत आहे, तरी थोडक्यात सांगतो. १५ ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जन्मदिवशी, शाळांमधून वाचन प्रेरणा दिन असतो. त्याच दिवशी आम्ही दहा मराठी पुस्तकांची यादी दुकानात लावतो. चौथी ते सातवीच्या मुलांनी त्यातली निदान तीन वाचायची आणि फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारपर्यंत आवडलेल्या एका पुस्तकाला मत द्यायचं. मोठ्यांना मत नाही, मग ते मुख्याध्यापक असोत की लेखक. सर्वांत जास्त मतं मिळालेल्या पुस्तकाची पाटी वर्षभर दारात लागते. एवढंच.

ही कल्पना आमच्या डोक्यातून निघालेली नाही. अमेरिकेत सिएटलमध्ये हॅरी हार्टमन नावाच्या एका पुस्तकविक्रेत्याने १९४० साली मुलांच्या मतावर द्यायचा पुरस्कार सुरू केला आणि तो अजून चालू आहे. तेव्हा ‘दुकानदाराला कशाला हे उद्योग?’ असं विचारणाऱ्यांना आम्ही त्याचंच नाव सांगतो. व्हरमाँट राज्यात १९५७ पासून असाच एक पुरस्कार आहे. तिथे चौथी ते आठवीच्या मुलांपुढे तीस पुस्तकांची यादी असायची आणि मत द्यायचं तर पाच तरी वाचावी लागत. कॅलिफोर्नियात तर आपल्या गटातली सगळी पुस्तकं वाचल्याशिवाय मतच देता येत नाही. आमची तीनची अट ज्यांना जाचक वाटते त्यांनी हे ध्यानात घ्यावं. एकच पुस्तक वाचलं तर त्यात पसंती कसली? जे हातात पडलं त्यालाच मत!

आता त्या ‘पहिल्या’ पुस्तकाबद्दल. आमच्या यादीला क्रमांक नाहीत. पुस्तकांची नावं अकारविल्हे लावलेली आहेत. यंदा सर्वांत वर ‘एकदा काय झाले’ आहे, ते ‘ए’मुळे. विंदा करंदीकरांचा हा बालकवितांचा संग्रह १९६१ सालचा आहे आणि आमचा फार लाडका आहे. पण गोष्टीचं पुस्तक समजून तो नेलेले आणि ‘ह्यात तर नुसत्या कविता आहेत’ म्हणून परत आणणारे पालक यंदाही भेटले. यादी म्हणजे गुणवत्ता यादी नव्हे आणि अभ्यासक्रमही नव्हे. मुलाने चाळावं, नाक मुरडावं, एक बाजूला ठेवून दुसरं उचलावं, यासाठी ती केलेली आहे.

चूक कुठे होते

चूक एकच : मुलाला घरी ठेवून, इयत्तेवरून पुस्तक निवडणं.

इयत्तेवरून बुटाचं मापसुद्धा सांगता येत नाही. आपल्या सोलापुरात तर ते आणखीच अवघड. पूर्व भागातल्या कितीतरी मुलांच्या घरी तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडून आलेल्यांच्या घरी कन्नड, आणि इंग्रजी माध्यमातल्या मुलांना मराठी हा एक विषय तेवढा असतो. एकाच बाकावर बसणाऱ्या पाचवीच्या दोन मुलींपैकी एक दोनशे पानी कादंबरी शनिवार-रविवारात संपवते आणि दुसरी जोडाक्षरापाशी अडखळते. दुसरी हुशार नाही असं मुळीच नाही. तिला आज वेगळं पुस्तक हवं आहे, इतकंच. सहा महिन्यांनी ती त्या पहिल्या मुलीच्या पुढेही जाते, आम्ही पाहिलेलं आहे.

म्हणून मुलाला सोबत आणा आणि काउंटरवरच पाच बोटांची कसोटी लावा. पुस्तक मधेच कुठेतरी उघडा. पहिलं पान नको, ते बहुतेक लेखकांनी सोपं करूनच लिहिलेलं असतं. मुलाला ते पान हळू आवाजात वाचू द्या. शब्द अडला किंवा अर्थ लागला नाही की मुलाने एक बोट दुमडायचं. पान संपेपर्यंत पाचही बोटं दुमडली तर ते पुस्तक तूर्त शेल्फवर राहू द्या. एवढे शब्द अडले की गोष्टीचा धागा सुटतो आणि मूल वाचत नाही, नुसतं अक्षरांवरून डोळे फिरवतं. दोन-तीन बोटं दुमडली तर पुस्तक बरोबर बसलं. एकही दुमडलं नाही तर पुस्तक हलकं आहे, पण आवडत असेल तर जरूर घ्या. सोपं वाचून वेग येतो आणि वेग आल्यावर जाड पुस्तकाची भीती जाते. ‘हे तर तिसरीतल्या मुलांचं आहे’ असं म्हणून पालक मुलाच्या हातातलं पुस्तक काढून घेतात तेव्हा आम्हाला गप्प बसणं जड जातं.

कसोटी चालू असताना आईवडिलांनी मागून शब्द सांगू नयेत, ही विनंती. बोटं मुलाची मोजायची आहेत.

या कसोटीला वेळ लागतो पाच मिनिटं. जुळे सोलापूरसारख्या उपनगरातून पुस्तक बदलायला पुन्हा येण्यात तुमची अर्धी संध्याकाळ जाते. एवढ्यासाठीच यादीतल्या प्रत्येक पुस्तकाच्या एका प्रतीचं प्लास्टिक आम्ही फाडून ठेवतो. ती प्रत मळते, कोपरे दुमडतात, शेवटी विकली जात नाही. तो खर्च आमचा.

मुलाला आणायला जमलंच नाही, तर निदान एका प्रश्नाचं उत्तर घेऊन या : त्याने किंवा तिने शेवटचं स्वतःहून पूर्ण वाचलेलं काय होतं? कॉमिक चालेल, क्रिकेटपटूंच्या माहितीचं पुस्तक चालेल, ‘किशोर’चा अंकही चालेल. ‘पाचवी ब’ यापेक्षा ह्या उत्तरावरून आम्हाला कितीतरी अधिक कळतं.

यंदाच्या यादीबद्दल

आजवर काहीच पूर्ण वाचलेलं नसेल तर दिलीप प्रभावळकरांचं ‘बोक्या सातबंडे’ द्या. प्रत्येक गोष्ट स्वतंत्र आहे, त्यामुळे एक वाचून थांबलं तरी काही अडत नाही. आणि बोक्या खोड्या करतो त्या चांगल्या हेतूने, हे मुलांना चटकन कळतं. माधुरी पुरंदरे यांनी संपादित केलेले ‘वाचू आनंदे’चे भाग हा दुसरा पर्याय. मराठीतल्या नामवंतांचे वेचे, कविता, शेजारी भारतीय चित्रकारांची चित्रं. बाल गट आणि कुमार गट असे वेगळे भाग आहेत. पाचवीपर्यंत बाल गट पुरे. हे घरात ठेवायचं पुस्तक आहे. एका बैठकीत संपवायचं नाही, आणि मोठी माणसंही ते पळवतात.

साहसकथा मागणाऱ्यांसाठी भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ आणि भारत सासणे यांचं ‘समशेर आणि भूतबंगला’. दुसऱ्याला २०२४ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला आहे. फुरसुंगीच्या बनेश फेणेवर, म्हणजेच फास्टर फेणेवर, २०१७ मध्ये चित्रपट आला. तो पाहून येणाऱ्यांनी लक्षात घ्यावं : चित्रपटातला फेणे मोठा झालेला आहे, पुस्तकातला शाळकरी. मुलांना शाळकरीच जास्त आवडतो.

संगीता बर्वे यांची ‘पियूची वही’ (अकादमीचा तोच पुरस्कार, २०२२) रोजनिशीच्या अंगाने जाते. ती वाचून स्वतः वही लिहायला बसणारी मुलं आम्हाला माहीत आहेत. शेजारीच कोऱ्या वह्याही ठेवल्या आहेत, हे ओघाने सांगितलं. अनिल अवचटांच्या ‘सृष्टीत... गोष्टीत’ला २०१० मध्ये, म्हणजे हा पुरस्कार सुरू झाला त्याच वर्षी, मराठीचा मान मिळाला.

‘तोत्तोचान’ वेगळं सांगायला नको. आगगाडीच्या डब्यांत भरणारी शाळा आणि मुलांचं ऐकून घेणारे मुख्याध्यापक कोबायाशी. तेत्सुको कुरोयानागी यांचं मूळ जपानी पुस्तक १९८१ सालचं, मराठी अनुवाद चेतना सरदेशमुख गोसावी यांचा. प्रकरणं छोटी आहेत, रोज रात्री एक वाचून दाखवलं तरी चालतं. नॅशनल बुक ट्रस्टचं असल्यामुळे किंमतही खिशाला झेपणारी. शिक्षकांनी तर ते आधी स्वतः वाचावं.

‘खारीच्या वाटा’बद्दल मात्र थोडं अधिक बोलायचं आहे, कारण ते पुस्तक शेल्फवर पडून राहतं. मुखपृष्ठ शांत, भूत नाही, चोर नाही. ल. म. कडू यांच्या या कादंबरीला साहित्य अकादमीचा २०१७ चा बालसाहित्य पुरस्कार आहे. धरणात जाणाऱ्या गावातल्या मुलाची ती गोष्ट. आपल्या जिल्ह्याला ती परकी नाही. उजनीच्या पाण्याखाली भीमाकाठची गावं गेली, त्यात करमाळ्याकडची बरीच. तुमच्या घरात किंवा शेजारी त्या गावांतले कुणी आजोबा असतील तर हे पुस्तक त्यांच्याजवळ बसून वाचायला सांगा. सहावी-सातवीला जास्त जमतं. पाच बोटांच्या कसोटीत कधी चार बोटं दुमडतात, कारण गावाकडचे शब्द आहेत. इथे मात्र आमचाच नियम आम्ही थोडा सैल करतो, जवळ विचारायला कुणी मोठं माणूस असेल तर.

राहिली ‘श्यामची आई’. ‘ती तर घरात आहेच’ असं सांगितलं जातं. असेलही, पण कुठली आहे ते पाहा. साने गुरुजी १९५० साली गेले. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क राहतात, म्हणजे २०११ पासून हे पुस्तक कुणालाही छापता येतं. त्यामुळे बाजारात स्वस्त आवृत्त्यांचा सुकाळ आहे. काही चांगल्या आहेत, काहींत मजकूर कापलेला असतो आणि मुखपृष्ठावर तसं म्हटलेलंही नसतं. मूळ पुस्तकात बेचाळीस रात्री आहेत. अनुक्रमणिकेत मोजून घ्या, आमच्याकडून घेतलं तरी.

नेहमीचे काही प्रश्न

शिष्यवृत्तीला उपयोग होईल का? भाषेच्या उताऱ्यावर झटपट उत्तरं देताना वाचणाऱ्या मुलाला त्रास कमी होतो, यात शंका नाही. पण त्यासाठी म्हणून पुस्तक हातात दिलंत तर मुलाला तो वास लगेच येतो.

दहाचा सेट घेतला तर किती सूट? यादीतल्या प्रत्येक पुस्तकावर दहा टक्के, एक घ्या की दहा. सेटला जादा सूट आम्ही मुद्दाम ठेवलेली नाही. दहा पुस्तकं एकदम घरी गेली की मूल त्यांच्याकडे कामाच्या ढिगासारखं पाहतं. आधी तीन न्या. शाळेच्या ग्रंथालयासाठी संच हवा असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा बिलाबरोबर प्रत्येक पुस्तकाला जाड प्लास्टिक कव्हर आमच्याकडून.

इतका खर्च परवडत नाही? अनामत ठेवून यादीतली पुस्तकं पंधरा दिवस वाचायला न्या, पुस्तक धड परत आलं की अनामत परत. शिवाय बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात, आणि प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत. हे सांगून गिऱ्हाईक घालवता का, असं आम्हाला विचारतात. वाचायची सवय लागलेलं मूल दुकानात आल्याशिवाय राहत नाही, हा आमचा अनुभव.

बदलून कधी मिळेल? आठ दिवसांच्या आत, पावतीसह, नाव घातलेलं नसेल आणि कव्हर चिकटवलेलं नसेल तर विनातक्रार. म्हणून नाव घालायची घाई करू नका. मुलाने पंचवीस-तीस पानं वाचली की मग घाला.

सर आणि मॅडम यांच्यासाठी : वर्गाच्या चाळीस चिठ्ठ्या एकाच अक्षरात आणि एकाच पेनाने भरून आल्या तर आम्ही त्या मोजत नाही. राग मानू नये. चिठ्ठीवर मुलाने स्वतःच्या हाताने वाचलेल्या तीन पुस्तकांची नावं आणि आवडलेल्या पुस्तकातला एखादा प्रसंग एका ओळीत लिहायचा आहे. शुद्धलेखन तपासून, ओळ सुधारून पाठवू नका. त्या ओळी आम्ही फळ्यावर लावतो आणि यादीतली पुस्तकं त्यांच्यामुळेच खपतात, आमच्या सांगण्याने नाही.

मतपेटी काउंटरच्या डाव्या बाजूला, मुलांचा हात पोचेल अशा उंचीवर आहे. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळत नाही, तेव्हा मुलांना घेऊन सकाळी अकराच्या आत आलात तर निवांत चाळता येईल.