मानेवर डोळा: 'द रेसिडेंट्स'ची पार्श्वभूमी

चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवतीकडच्या एका गुड्यात, म्हणजे आदिवासी वस्तीत, दंडारी हा गोंडांचा दिवाळीतला नाच रंगात आला होता. शेजारी बसलेल्या कॉलेजातल्या पोरानं मोबाईल पुढे केला. फोटोत चौघं जण. अंगात काळा कोट, डोक्यावर उंच हॅट आणि चेहऱ्याच्या जागी टरबुजाएवढा डोळा.

"भाऊ, हे कोनते घुसाडी होय?" घुसाडी म्हणजे दंडारीत देवाचं सोंग घेऊन नाचणारे.

हा 'द रेसिडेंट्स' नावाचा बँड. मूळची मंडळी अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातली, साठच्या दशकात कॅलिफोर्नियात गेलेली. नावाची गोष्ट बँडच सांगतो ती अशी: 'वॉर्नर ब्रदर्स' या रेकॉर्ड कंपनीला टेप पाठवली, पण पाकिटावर नाव नाही, नुसता पत्ता. टेप नापसंत होऊन परत आली ती 'रेसिडेंट्स', म्हणजे 'राहणारे', अशा नावानं. तेच ठेवलं. १९७२ मध्ये स्वतःचीच 'राल्फ रेकॉर्ड्स' ही कंपनी काढली. १९७४ च्या पहिल्या अल्बमवर बीटल्सच्या प्रसिद्ध फोटोवर रेघोट्या मारलेल्या. आपल्याकडे पोरं पाठ्यपुस्तकातल्या थोरांना मिशा काढतात तशा. पहिल्या वर्षी ४० च्या आसपास प्रती खपल्या म्हणतात.

वाजवण्यात कुणी उस्ताद नव्हतं. मग टेप कापायची, जोडायची, सूर मुद्दाम वाकडा ठेवायचा, नाकातून गायचं. १९८० च्या 'कमर्शियल अल्बम'मध्ये एकेका मिनिटाची ४० गाणी आहेत. हिशेब साधा होता. पॉप गाण्यात तेच कडवं, तेच ध्रुपद दोन-तीनदा येतं. पुनरावृत्ती काढली की उरतं मिनिटभर, जाहिरातीएवढं.

डोळ्यांचे मुखवटे आले १९७९ च्या 'एस्किमो' या अल्बमबरोबर. वाऱ्याचा घोंगावता आवाज, घरी बनवलेली वाद्यं आणि कुठलीच नसलेली भाषा. कान देऊन ऐकलं की त्या 'आदिम' मंत्रांत कोका-कोलाच्या जाहिरातीचे शब्द सापडतात. उत्तर ध्रुवाकडच्या खऱ्या इन्युइट लोकांच्या संगीताशी त्याचा संबंध नाही, आणि 'एस्किमो' हा शब्दही त्यांच्यापैकी अनेकांना आता खुपतो. मला तो अल्बम ऐकताना शाळेतलं स्नेहसंमेलन आठवतं. कमरेला पानं, तोंडाला काळं, 'झिंगालाला हुर्र', आणि समोर सतरंजीवर बसलेली गोंडांची, कोलामांची पोरं. रेसिडेंट्स निदान ठरवून थट्टा करत होते. आमच्या सरांना ते खरंच आदिवासी नृत्य वाटायचं.

चेहरा लपवण्यामागं एक सिद्धांत सांगितला जायचा: ऐकणाऱ्यांच्या अपेक्षा डोक्यात नसतील तेव्हाच कलावंत अस्सल काम करतो. तो एन. सेनाडा नावाच्या बव्हेरियन संगीतकाराचा म्हणे, पण असा माणूस होता का याचीच बहुतेकांना शंका आहे. मला त्यात डाव दिसतो. नाव झाकलं आणि नावाचीच चर्चा पन्नास वर्षं चालली. घुसाडीचं उलट आहे. मोरपिसांचा टोप, अंगाला राख, खोटी दाढी. आत कोण आहे ते अख्ख्या गुड्याला ठाऊक असतं. तरी टोप उतरेपर्यंत कुणी त्याला नावानं हाक मारत नाही, कारण तेवढे दिवस तो देव असतो. दिवाळी सरली की तोच माणूस कापूस वेचायला दिसतो.

१९८५ मध्ये चौघांपैकी एकाचा डोळा चोरीला गेला. त्यानं त्याऐवजी कवटी घातली आणि कार्यक्रम चालू ठेवले. बँडचा कारभार पाहणाऱ्या 'क्रिप्टिक कॉर्पोरेशन'मधले हार्डी फॉक्स आपण बँडमध्ये नाही असंच वर्षानुवर्षं सांगत आले. २०१८ मध्ये ते गेले, त्याच्या थोडं आधी त्यांनी कबूल केलं की बरंचसं संगीत त्यांचंच होतं.

हे सगळं सांगेपर्यंत तुडुम या वाद्याचा ठेका चढला होता. पोरानं मोबाईल खिशात घातला.

"मंग भाऊ, त्याचा डोया कोनाले भेटला?"