हिवाळी खोलसमुद्री गळमासेमारी

उष्ण किनारी पाण्यात, थंडीच्या महिन्यांत, किनाऱ्यापासून दूर बोटीतून गळाने केली जाणारी मासेमारी. उत्तर गोलार्धात तिचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. अमेरिकेतील फ्लोरिडाचा आग्नेय किनारा, फ्लोरिडा कीज बेटे आणि जवळची बहामा बेटे ही तिची नावाजलेली ठिकाणे.

हंगाम ठरतो तो पाण्याच्या तापमानावर. थंड वारे सुटले की किनाऱ्यालगतचे उथळ पाणी एकदोन दिवसांत गार पडते, खोल पाणी मात्र ऊब धरून राहते. फ्लोरिडालगत गल्फ स्ट्रीम हा उष्ण प्रवाह किनाऱ्याच्या अगदी जवळून उत्तरेकडे वाहतो आणि भर हिवाळ्यातही त्याचे पाणी २४-२५ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. गार हिरवट पाणी आणि उबदार गडद निळे पाणी जिथे भिडते, तिथे छोट्या माशांचे थवे गोळा होतात आणि त्यांच्यामागे शिकारी मासे येतात. सुरमईच्या कुळातला किंग मॅकरेल पाणी २० अंशांच्या खाली उतरू लागले की दक्षिणेकडे सरकतो. अनुभवी तांडेल म्हणूनच तारखेपेक्षा उपग्रहावरून मिळणारा तापमानाचा नकाशा आधी पाहतो.

या हंगामाचा मानाचा मासा म्हणजे सेलफिश. पाठीवर शिडासारखा उंच पर आणि पुढे भाल्यासारखा जबडा असलेला हा मासा थंडीत अटलांटिक किनाऱ्याने दक्षिणेकडे उतरतो. उत्तरेचा वारा उत्तरेकडे वाहणाऱ्या प्रवाहाला समोरून भिडला की लाटा उंच, उभ्या आणि एकमेकींच्या जवळ येतात. त्या लाटांच्या उतारावरून सेलफिश दक्षिणेकडे घसरत जातात आणि त्यांच्या शेपटीचे टोक पाण्याबाहेर दिसते. हे दृश्य जितके देखणे, तितकाच तो समुद्र लहान बोटीला घातक. मासा सर्वांत जोरात असण्याची वेळ आणि बाहेर न पडण्याची वेळ यांत अनेकदा काही तासांचेच अंतर असते. वारा वळून पूर्वेचा होईपर्यंत आणि मंदावेपर्यंत थांबणे हेच लहान बोटीसाठी शहाणपणाचे.

सेलफिशसाठी पतंगाची पद्धत वापरतात. बोटीवरून पतंग उडवून त्याच्या दोरीला चिमटे लावतात आणि गळाची दोरी चिमट्यातून ओवून खाली सोडतात. जिवंत आमिष पृष्ठभागावर असे फडफडत राहते की त्याच्यावरची दोरी पूर्णपणे हवेत असते. खालून येणाऱ्या माशाला फक्त तडफडणारी शिकार दिसते. वारा कमी असेल तर पतंगाला हेलियमचा फुगा बांधतात. माशाने आमिष घेतले की दोरी चिमट्यातून सुटते. टोक आत वळलेला गोलाकार गळ असेल तर झटका द्यायचा नसतो: दोरी आपोआप ताणली जाऊ द्यायची, म्हणजे गळ पोटात न जाता तोंडाच्या कोपऱ्यात बसतो. सोडून दिलेला मासा जगण्याची शक्यता त्याने बरीच वाढते. अमेरिकेत अटलांटिकमधील भालामाशांच्या (सेलफिश, मार्लिन यांसारख्या भाल्यासारखा जबडा असलेल्या माशांच्या) स्पर्धांत नैसर्गिक आमिषासोबत असा गळ २००८ पासून सक्तीचा आहे.

वाहू हा वेगवान मासा वेगळ्या रीतीने मिळतो. त्याच्यासाठी जड आमिषे १२ ते १५ नॉट (ताशी सुमारे २२ ते २८ किलोमीटर) किंवा त्याहून जास्त वेगाने बोटीमागे ओढतात. तळाशी हेकरू आणि तांबोशीच्या जातभाईंसाठी वजन बांधून गळ सोडतात. पण हिवाळ्याचा उत्तरार्ध हा अनेक हेकरूंच्या विणीचा काळ. म्हणून अमेरिकेच्या दक्षिण अटलांटिक पाण्यात, म्हणजे नॉर्थ कॅरोलायना ते फ्लोरिडा कीज या किनाऱ्यालगत, उथळ पाण्यातील हेकरूंची मासेमारी १ जानेवारी ते ३० एप्रिल बंद असते, आणि हा नियम अगदी रास्त आहे.

बंदी असलेला मासाही गळाला लागतोच. खोलातून झपाट्याने वर आणल्यावर त्याच्या पोटातील हवेची पिशवी फुगते, जठर तोंडातून बाहेर येते, आणि पाण्यात सोडला तरी तो खाली जाऊ न शकता पृष्ठभागावर तरंगत मरतो. यावरचा उपाय साधा आहे. माशाचा ओठ चिमट्यात धरून वजनासह त्याला पुन्हा खोलवर नेतात. तिथे दाब वाढला की काही साधनांचा चिमटा आपोआप उघडतो आणि मासा पोहत निघून जातो. असे साधन बोटीवर तयार ठेवणे तळाच्या माशांसाठी त्याच दक्षिण अटलांटिक पाण्यात जुलै २०२० पासून बंधनकारक आहे.