कमी वॅटचा ट्यूब गिटार ॲम्प (कोकण किनारपट्टी)

इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपमधून, म्हणजे तारांचे कंपन टिपणाऱ्या भागातून, निघणारा क्षीण विद्युत संकेत निर्वात नळ्यांच्या, म्हणजे ट्यूबच्या, साहाय्याने वाढवून स्पीकरला देणारा लहान ॲम्प्लिफायर. शक्ती साधारण १ ते १५ वॅट. वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यावर गिटार नवी नाही. इथल्या ख्रिस्ती वस्त्यांत ती प्रार्थनेला आणि लग्नकार्याला पिढ्यान्‌पिढ्या वाजत आली आहे, आणि आता गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्यांच्या मुलांच्या खांद्यावरही दिसते. घरात बसून वाजवणाऱ्याला ट्यूबचा पुरता आवाज या छोट्या ॲम्पमधूनच मिळू शकतो. कोकणात मात्र त्याचा आनंद सर्किटइतकाच घर, हवा आणि वीज यांवर ठरतो.

जॉन फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये दोन इलेक्ट्रोडची नळी बनवली, ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये तिच्यात तिसरा इलेक्ट्रोड घातला, आणि पुढे संकेत वाढवणे शक्य झाले. आजही वापरात असलेली ६व्ही६ ही पॉवर ट्यूब, म्हणजे स्पीकर हलवण्याइतकी शक्ती देणारी नळी, १९३६ ची, ईएल८४ ही १९५३ ची. अमेरिकेतील फेंडर कंपनीने १९४८ मध्ये ‘चॅम्पियन ८००’ हा छोटा ॲम्प काढला. त्याचेच पुढचे रूप ‘चॅम्प’ या नावाने गाजले. एक ६व्ही६, ८ इंची स्पीकर, सुमारे ५ वॅट आणि आवाजाचा एकच नॉब, एवढाच त्याचा संसार. हे ॲम्प शिकाऊ मुलांसाठी स्वस्तात बनवलेले होते. मोठ्या ॲम्पचा जो आवाज ऐकायला अख्खे सभागृह हादरवावे लागते तो हा पेटीएवढा ॲम्प खोलीत देतो, हे वादकांच्या लक्षात आले आणि त्याला मान मिळाला. याच घराण्यातल्या ट्यूब आपल्या आजोबांच्या रेडिओतही होत्या. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही रेडिओच्या ट्यूब बनवल्या आहेत.

आवाजाचे मर्म. गिटारचा संकेत प्रथम १२एएक्स७ सारख्या प्रीॲम्प (पहिल्या टप्प्याच्या) ट्यूबमध्ये वाढतो, मग पॉवर ट्यूबमध्ये, आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधून स्पीकरला जातो. ट्यूबची क्षमता संपत आली की संकेताची शिखरे एकदम कापली जात नाहीत, गोलाई धरत दबतात. त्यातून मूळ स्वराचे वरचे हार्मोनिक, म्हणजे पटीतले उपस्वर, उमटतात. एकाच पॉवर ट्यूबवर चालणाऱ्या रचनेत दुसरा हार्मोनिक, म्हणजे त्याच स्वराचा वरच्या सप्तकातला जोडीदार, ठळक राहतो. दोन ट्यूब आळीपाळीने काम करतात त्या पुश-पुल रचनेत पॉवरच्या टप्प्यावर तयार झालेले सम (दुसरा, चौथा असे) हार्मोनिक एकमेकांना बरेचसे खोडून काढतात. एका पॉवर ट्यूबच्या ५ वॅटच्या आणि दोन ट्यूबच्या १५ वॅटच्या ॲम्पचा स्वभाव निराळा असण्याचे हे एक मोठे कारण आहे.

वाजवणाऱ्याला हे बोटांत कळते. तार हलकेच छेडली की स्वर स्वच्छ निघतो, नेटाने छेडली की त्याला खरखरीत धार येते. ॲम्पचा आवाज चढवून ठेवायचा आणि गिटारवरच्या नॉबने स्वच्छ ते खरखरीत असा सगळा प्रवास करायचा, ही या ॲम्पची खरी रीत. ज्यात रेक्टिफायर, म्हणजे घरच्या विजेची एकदिश वीज करणारा भागही ट्यूबचाच असतो, अशा ॲम्पमध्ये जोरात वाजवताच आतला विजेचा दाब (व्होल्टेज) किंचित खाली बसतो आणि स्वर क्षणभर दबून मग फुलतो. तार खेचून घेतलेली मींड त्यामुळे लांब टिकते. भजनातली आलापी गिटारवर धरू पाहणाऱ्याला आवाज बदलणाऱ्या पेडल्सच्या रांगेपेक्षा हा साधा ॲम्प जास्त देतो, असे या नोंदीचे स्पष्ट मत आहे.

वॅट, घर आणि शेजार. ५ वॅट म्हणजे कुजबुज, हा समज चुकीचा आहे. गिटारचा चांगला स्पीकर १ वॅटवर एक मीटर अंतरावर ९५ ते १०० डेसिबल आवाज देतो. ५ वॅटवर त्यात ७ डेसिबलची भर पडते. ५० वॅटचा ॲम्प ५ वॅटच्या ॲम्पपेक्षा फक्त १० डेसिबलने मोठा असतो, आणि कानाला तो साधारण दुप्पटच वाटतो. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल आहे. म्हणून वाडीत घराला घर लागून असेल तर ५ वॅटसुद्धा संध्याकाळपुरताच. माडांच्या बागेत सुटे घर असेल तर मोकळीक मोठी.

जांभ्याच्या भिंती, लाकडी माळा आणि कौलारू छप्पर असलेल्या जुन्या घरात हा ॲम्प फार सुरेख लागतो. आवाज कौलांच्या फटींतून वर निघून जातो, घुमत नाही. सिमेंटच्या स्लॅबखाली, गुळगुळीत लाद्यांवर तोच ॲम्प टोचतो. तिथे समोर जाड सतरंजी किंवा गोधडी टांगावी. ८ इंची स्पीकरचा खर्ज तोकडा असतो. ॲम्प माजघराच्या कोपऱ्याजवळ सरकवला की खर्ज लगेच भरतो. आषाढात पाऊस पत्र्यावर कोसळू लागला की ॲम्प पुरता उघडण्याची सवड आपोआप मिळते. रत्नागिरीला वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. वादकाने या सवडीचा मनमुराद लाभ घ्यावा.

नवेपण. नव्या ॲम्पचा स्पीकर आरंभी ताठ असतो आणि वरचे स्वर किंचित बोचतात. काही तास वाजल्यावर कागदी शंकूच्या कडा सैलावतात व आवाज मऊ होतो, त्यामुळे पहिल्याच दिवशी स्पीकर बदलण्याचा विचार करू नये. नव्या ट्यूबवर पेन्सिलीने हलकेच टकटक करून पाहावी. स्पीकरमधून टणटण ऐकू आली तर ती ट्यूब मायक्रोफोनिक, म्हणजे हादऱ्यांचाही आवाज उचलणारी, आहे. ट्यूबमधले तंतू तापायला अर्धा-एक मिनिट लागते, तोवर आवाज येत नाही. स्पीकरची वायर काढून ॲम्प चालवू नये. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

दमट, खारी हवा. देवगड, मालवण किंवा हर्णैला समुद्रालगतच्या घरात लोखंडी चासी (सर्किट बसवलेला सांगाडा), जॅक आणि ट्यूबच्या पिना खाऱ्या वाऱ्याने गंजतात. पिनांवर गंजाची पुटे चढली की करकर सुरू होते. ॲम्प बंद करून, थंड झाल्यावर ट्यूब दोन-चार वेळा काढून घातली आणि सॉकेटला काँटॅक्ट क्लीनर मारला की बहुधा ती थांबते. कागदी शंकूला ओल लागते, प्लायवूड फुगते, कापडी जाळीवर बुरशी येते. यावर उत्तम उपाय म्हणजे ॲम्प वाजवत राहणे. ट्यूबच्या उष्णतेने पेटी आतून कोरडी राहते आणि वीज साठवणारे कपॅसिटरही नियमित वापराने टिकतात. पावसाळाभर प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर टाकलेल्या ॲम्पची दशा वाईट होते. आत अडकलेली ओल बाहेर पडत नाही. वर सुती पंचा घालावा आणि पेटी जमिनीवर न ठेवता पाटावर किंवा स्टुलावर ठेवावी.

वीज. गावात संध्याकाळी व्होल्टेज पडते. २३० ऐवजी १९० आले तर ६.३ व्होल्टच्या तंतूला जेमतेम ५.२ मिळतात. १० टक्क्यांपर्यंतची घट ट्यूब सहन करते. त्याखाली आवाज मलूल होतो. फ्रिजसाठी असतो तसा स्टॅबिलायझर इथे उपयोगी पडतो. ५ वॅटचा ॲम्प विजेच्या बाजूने साधारण ३० ते ५० वॅट घेतो, म्हणून घरच्या इन्व्हर्टरवर तो सहज चालतो; इन्व्हर्टर साइन-वेव्हचा असावा, स्क्वेअर-वेव्हवर गुणगुण वाढते. अमेरिकेहून आणलेल्या १२० व्होल्टच्या ॲम्पला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवाच, आणि ६० हर्ट्झसाठीच बनवलेला त्याचा ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर जास्त तापतो. सगळ्यात महत्त्वाचे अर्थिंग: जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडली की अर्थ कमकुवत होतो. अर्थिंगच्या खड्ड्यातले मीठ-कोळसा ओले ठेवावे. तीन पिनांच्या प्लगची अर्थपिन कधीही कापू नये. गिटारच्या तारा त्याच अर्थला जोडलेल्या असतात. विजा कडाडू लागल्या की नुसते बटण बंद करून भागत नाही, प्लग उपसून ठेवावा.

दुरुस्ती. ट्यूब ॲम्पच्या आत ३०० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि बंद केल्यावरही तो कपॅसिटरमध्ये साठून राहू शकतो, म्हणून चासी अनोळखी हातांनी उघडू नये. व्हॉल्व्हच्या (ट्यूबच्या) रेडिओवर हात बसलेला जुना मेकॅनिक तालुक्याच्या गावी असेल तर तो हे सर्किट ओळखेल. नाहीतर मुंबईला लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार गाठावा लागतो. नव्या ट्यूब आज मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमधून येतात, आणि मागवल्यावर गावी पोहोचायला दिवस लागतात. म्हणून एक १२एएक्स७, एक पॉवर ट्यूब आणि योग्य अँपिअरचे फ्यूज घरात ठेवावेत. कॅथोड-बायसच्या, म्हणजे ट्यूबमधला प्रवाह (बायस) आपोआप जुळवून घेणाऱ्या, छोट्या ॲम्पमध्ये नवी ट्यूब बसवताना बायस जुळवण्यासाठी मेकॅनिक लागत नाही, आणि पॉवर ट्यूब एकच असेल तर जुळवलेली जोडीही शोधावी लागत नाही.